आमच्या परसांतील वेधशाळा

वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असा निरोप शाळेकडून आला, तेव्हां पहिला विचार मनांत आला तो असा कीं, माजी विद्यार्थ्यानें लिहावयाचें म्हणजे बहुधा शाळेच्या आठवणी लिहाव्या लागतात. आणि त्या माझ्याहून अधिक रसाळपणें सांगणारे पुष्कळ आहेत. म्हणून आठवणींचा मोह बाजूस ठेवून, २०२३ सालच्या आरंभापासून आमच्या घरांत चाललेल्या एका उद्योगाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. उद्योग लहानसाच आहे. परसांतील हवामानाची नोंद आपली आपण ठेवावयाची आणि त्या नोंदीच्या आधारें बागेला पाणी द्यावयाचें, एवढाच त्याचा पसारा. परंतु ह्या एवढ्याशा गोष्टींत पदार्थविज्ञान, गणित, सुतारकाम, नळकाम आणि थोडासा गृहकलह ह्या सर्वांचा समावेश झालेला असल्यामुळें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना ती वाचण्याजोगी वाटेल, अशी आशा आहे.

आमचें गांव, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर आणि २०२४ सालापासूनचें अहिल्यानगर, सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत वसलेलें आहे. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे सहाशें मिलिमीटर पडला तर वर्ष चांगलें गेलें असें समजावयाचें. घरामागें गुंठाभर परसूं आहे. त्यांत एक लिंबोणी, एक कढीलिंब, एक शेवगा, चार गुलाब, मोगरा, अबोली, डेलियाच्या कुंड्या आणि वांग्यामिरच्यांचा एक वाफा, इतकी आमची संपत्ति. मागील दारापाशीं जाईचा एक जुना वेल आहे. तो माझ्या वडिलांनीं लावला. वडील आतां नाहींत. ही सारी बाग माझ्या आईनें चाळीस वर्षें बादलीनें पाणी घालून वाढविली.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर आईचे गुडघे अगदींच दुखूं लागले. माझी नोकरी फिरतीची. पत्नी रुग्णालयांत परिचारिका असल्यामुळें तिच्या पाळ्या कधीं दिवसाच्या तर कधीं रात्रीच्या. आणि मुलगी, जी आज आपल्याच शाळेंत नववीच्या वर्गांत आहे, ती तेव्हां लहान होती. एके संध्याकाळीं आई मागल्या पायरीवर बसून म्हणाली, “अरे, झाडें कोणाला हवीं असतील तर देऊन टाक. बादली आतां मला उचलत नाहीं, आणि डोळ्यांदेखत वाळलेलीं बघवत नाहींत.” तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणून तें अधिकच लागलें. प्रश्न केवळ झाडांचा नव्हता. सकाळचा तो बागेंतला तास गेला असता तर त्याच्या जागीं तिच्या दिवसांत काय आलें असतें, ह्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणापाशींच नव्हतें.

बाजारांत बागेला आपोआप पाणी घालणारीं तयार यंत्रें मिळतात. तसें एक यंत्र आम्हीं पूर्वीं आणलेंहि होतें. मोबाइलवर बोट टेकवावें आणि परसांतील व्हॉल्व्ह उघडावा, अशी त्याची सोय होती. मात्र तो हुकूम थेट परसांत जात नसे. तो आधीं कंपनीच्या कोठल्यातरी दूरच्या संगणकाकडे जाई आणि तेथून परत आमच्या घरीं येई. वर्षभरानें त्या कंपनीनें आपली सेवा बंद केली. व्हॉल्व्ह शाबूत होता, तारा शाबूत होत्या, विहिरींत पाणीहि होतें. परंतु हुकूम पोंचविणारा मध्यस्थच नाहींसा झाल्यामुळें यंत्र जागच्या जागीं मुकें झालें. मुलीनें विचारलें, “बाबा, आपल्या विहिरीचें पाणी आपल्या झाडाला घालायला तिसऱ्याची परवानगी कशाला लागते?”

ह्या प्रश्नांतच पुढील सर्व उद्योगाचें तत्त्व आलें. यंत्राचा मेंदू आपल्या घरांत असावा, नोंदी आपल्या घरांत राहाव्या, आणि बाहेरचें इंटरनेट तुटलें तरी झाडांचें पाणी तुटूं नये. संगणकाच्या व्यवहारांत ह्या पद्धतीस ‘सेल्फ-होस्टेड’ म्हणतात; आपण तिला घरची चूल म्हणूं. खाणावळ केव्हां बंद होईल ह्याचा नेम नसतो. घरची चूल आपण पेटवूं तेव्हां पेटते. अर्थात् लाकूडफाटाहि आपणच आणावा लागतो आणि राखहि आपणच काढावी लागते, हें विसरतां येत नाहीं.

ह्या चुलीचा मुख्य भाग म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक. त्याचें नांव रास्पबेरी पाय. मुलांना संगणकाचें आंतलें काम कळावें ह्या हेतूनें इंग्लंडांतील केंब्रिज येथें तो तयार झाला व २०१२ सालीं प्रथम विक्रीस आला. आमचा संगणक माजघरांतील फडताळांत जुन्या रेडिओच्या शेजारीं बसलेला आहे. बागेंत त्याहूनहि लहान अशीं दोन यंत्रें आहेत. त्यांतील चिप ‘ईएसपी-३२’ ह्या नांवाची असून शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनें ती २०१६ सालीं काढली. बोटभर लांबीची ती पट्टी. तरी तिच्यांत बिनतारी संदेश धाडण्याची सोय आहे, आणि ती चारपांचशें रुपयांत मिळते.

बागेंतल्या यंत्रांनीं घरांतल्या संगणकाशीं बोलावयाचें कसें? त्यासाठीं ‘एमक्यूटीटी’ नांवाची एक रीत आहे. ती १९९९ सालीं अँडी स्टॅन्फर्ड-क्लार्क व आर्लेन निपर ह्या दोघांनीं, दूरवर पसरलेल्या तेलाच्या नळांवरील मापें उपग्रहामार्गें कळविण्यासाठीं बसविली. तिचें काम टपालकचेरीसारखें चालतें. मातींतील यंत्र ‘बाग, लिंबोणी, ओल’ असा पत्ता घालून एक आंकडा टाकतें. ज्याला त्या पत्त्यावरचें टपाल हवें असेल त्याला कचेरी तें पोंचविते. पाठविणाऱ्यास घेणाऱ्याची ओळख असावी लागत नाहीं. आलेला प्रत्येक आंकडा वेळेसह संगणकांत सांठविला जातो, आणि ‘ग्राफाना’ नांवाची प्रणाली त्या आंकड्यांचे आलेख काढून एका पडद्यावर मांडते. हाच आमचा हवामानाचा फलक, म्हणजे डॅशबोर्ड. ह्या कामाला लागणाऱ्या सर्व प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि त्यांची घडण कशी आहे हें कोणासहि उघडून वाचतां येतें.

हवेचें उष्णतामान मोजणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. उन्हांत ठेवलेला तापमापक हवेचें नव्हे, तर स्वतःचेंच तापणें मोजतो. म्हणून त्याला सावली हवी, आणि त्या सावलींत वारा खेळता हवा. ह्यासाठीं पांढऱ्या झडपांची पेटी योजणारा गृहस्थ म्हणजे थॉमस स्टीव्हन्सन. दीपगृहें बांधणारा हा स्कॉटिश स्थापत्यविशारद ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता होय. आमच्या पेटीसाठीं मुलीनें कुंड्यांखालीं ठेवावयाच्या सात पांढऱ्या बशा घेतल्या, मधल्या बशांना भोंकें पाडलीं आणि बोटभर अंतर ठेवून त्या आट्यांच्या सळयांवर उपड्या रचल्या. आंत बॉश कंपनीचा ‘बीएमई-२८०’ हा नखाएवढा संवेदक बसविला. तो उष्णतामान, आर्द्रता आणि हवेचा दाब अशीं तिन्ही मापें घेतो. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर एका खांबाला ही पेटी बांधली.

पर्जन्यमापकाची कथा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक हात रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे. तें कोठारापाशींच असावें ह्यांतच त्याचें प्रयोजन स्पष्ट होतें. सतराव्या शतकांत लंडनचें सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेन ह्यानें पावसाच्या भारानें आपोआप कलंडणाऱ्या पात्राची युक्ति योजिली. आमच्या यंत्रांत तीच आहे. दोन लहान पात्रें लहान मुलांच्या सी-सॉप्रमाणें एका आंसावर तोललेलीं असतात. एक भरलें कीं कलंडतें आणि दुसरें नरसाळ्याखालीं येतें. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक लोहचुंबक एका कळीजवळून सरकतो आणि संगणकास एक टिचकी पोंचते.

आतां एका टिचकीचा पाऊस किती? हें गणित शाळेच्याच पुस्तकांतलें आहे. आमच्या नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारें २०१ चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर २०.१ घन सेंटिमीटर पाणी जमतें. टिचकीस ०.२ मिलिमीटर धरावयाचें असेल तर पात्र सुमारें ४ घन सेंटिमीटरला कलंडलें पाहिजे. मुलीनें मोजपात्रांत २०० घन सेंटिमीटर पाणी घेऊन तें थेंबथेंब सोडलें. पन्नास टिचक्या यावयाच्या, त्या आल्या सत्तेचाळीस. म्हणजे पात्र उशिरां कलंडत होतें. त्याच्या खालचा टेकूचा स्क्रू थोडा वर घेतला व पुन्हां पाणी सोडलें. सहाव्या खेपेस पन्नास भरल्या. त्या रात्रीं जेवावयास दहा वाजले, पण कोणीं कुरकुर केली नाहीं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं पाठच करून ठेवावी: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर पांचशें लिटर पाणी येतें. वर्तमानपत्रांत छापलेला ‘दहा मिलिमीटर’ हा आंकडा ज्याला आपल्या छपरावरील पांचशें लिटर म्हणून दिसूं लागला, त्याची पावसाकडे पाहण्याची दृष्टि पालटलीच म्हणून समजावें. आपल्या देशांत चोवीस तासांचा पाऊस सकाळीं साडेआठ वाजतां मोजून नोंदविण्याचा प्रघात आहे, आणि २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाळी दिवस गणला जातो. आमच्या फलकावरहि आम्हीं हेच नियम पाळले आहेत, म्हणजे आपला आंकडा इतरांच्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहतां येतो.

फलकावरील सर्व आलेखांत मला अधिक नवल वाटलें तें हवेच्या दाबाच्या रेषेचें. आमचें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे. म्हणून येथील दाब समुद्रकांठापेक्षां कमी, म्हणजे ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. आकाश निरभ्र आणि वारा शांत असला तरी ही रेषा दररोज दोनदां वर चढते आणि दोनदां खालीं उतरते. सकाळीं दहाच्या व रात्रीं दहाच्या सुमारास ती उंच असते. पहाटे चारच्या व दुपारीं चारच्या सुमारास नीच. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी वातावरणालाहि आहे. मात्र ती मुख्यतः चंद्रामुळें नसून सूर्याच्या उष्णतेमुळें आहे. युरोपासारख्या प्रदेशांत येत्याजात्या वादळांच्या गडबडींत ती झांकली जाते. आपल्या उष्ण कटिबंधांत ती स्वच्छ दिसते. आई तो आलेख पाहून म्हणाली, “म्हणजे हवासुद्धां श्वास घेते म्हणायची.” आम्हीं चौघांनीं जन्मभर ज्या हवेंत श्वास घेतला तिची ही लय आम्हांला तेव्हां प्रथमच कळली.

आतां मातीविषयीं. मातींतील ओल मोजण्याचीं स्वस्त यंत्रें दोन प्रकारचीं असतात. एका प्रकारांत दोन उघडे धातुकांटे मातींत खुपसून त्यांमधून वीज सोडतात. ते कांटे विजेच्या क्रियेनें थोड्याच दिवसांत झिजून जातात. दुसऱ्या प्रकारांत धातु झांकलेला असतो आणि यंत्र मातीची विद्युत् सांठविण्याची शक्ति पाहतें. ह्या बाबतींत पाण्याचा अंक सुमारें ८० आणि कोरड्या मातीचा चारपांचच्या घरांत. त्यामुळें थोडी ओल वाढली तरी फरक चटकन् दिसतो. आम्हीं हा दुसरा प्रकार घेतला. आमच्या यंत्रांत माती जितकी कोरडी तितका आंकडा मोठा.

परंतु यंत्रानें दिलेला आंकडा हा नुसता आंकडाच असतो. १९५० म्हणजे झाड तहानेलें कीं तृप्त? पुस्तकांत ह्याचें उत्तर नव्हतें, कारण वाफ्यांतील काळी माती निराळी आणि कुंड्यांतील शेणखताचें मिश्रण निराळें. उत्तर आईच्या बोटांत होतें. चाळीस वर्षें ती मातींत मधलें बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून झाडाला पाणी हवें कीं नको तें ठरवीत आली होती. मग असें ठरलें कीं, महिनाभर रोज सकाळीं तिनें बोट घालून ‘हवें’, ‘नको’ किंवा ‘उद्यां’ असा निकाल द्यावा आणि मुलीनें तो त्याच वेळच्या आंकड्यासमोर वहींत लिहावा. आजीला आंकडे आधीं दाखवावयाचे नाहींत, ही मुलीचीच अट; नाहीं तर परीक्षा कसली! महिन्याअखेर वही मांडून पाहिली. लिंबोणीच्या आळ्यांत आंकडा २१०० च्या वर असतां आईनें प्रत्येक वेळीं ‘हवें’ म्हटलें होतें. १८०० च्या खालीं असतां एकदांहि नाहीं. आणि मधल्या पट्ट्यांत जवळजवळ सर्वत्र ‘उद्यां’. मुलगी वही घेऊन आजीकडे धांवली. आईनें चष्मा लावून दोन्ही रकाने शांतपणें पाहिले आणि म्हणाली, “यंत्र बरें शिकलें.” तेव्हांपासून आमच्या यंत्रांत जी मर्यादा लिहिलेली आहे ती कोणा कारखान्याची नाहीं, एका वृद्ध बाईच्या बोटाची आहे.

पाणी देण्यासाठीं ठिबकाच्या नळ्या घातल्या. ही पद्धत सिम्खा ब्लास ह्या स्थापत्यविशारदानें इस्रायलांत १९६० नंतरच्या दशकांत रूढ केली, आणि आज महाराष्ट्रांतील द्राक्षें-डाळिंबांचे मळे तिच्यावर उभे आहेत. आमच्या बागेंत चाळीस तोट्या आहेत. प्रत्येकींतून तासाला चार लिटर पाणी ठिबकतें. म्हणजे पाव तासांत चाळीस लिटर. पूर्वीं आई पंधरा लिटरच्या आठ बादल्या घालीत असे, म्हणजे एकशें वीस लिटर. त्यांतलें पुष्कळसें मुळांपासून दूरच जाई. व्हॉल्व्ह असा निवडला आहे कीं, वीज असेल तरच तो उघडतो. वीज गेली कीं आपोआप मिटतो. शिवाय यंत्रांत असा निर्बंध आहे कीं, कांहींहि झालें तरी एका वेळीं वीस मिनिटांपलीकडे पाणी सोडावयाचें नाहीं, मागील दिवसभरांत पुरेसा पाऊस झाला असेल तर मुळींच सोडावयाचें नाहीं, आणि टाकींत दोनशें लिटरहून कमी पाणी असेल तर आधीं घराला विचारावयाचें. यंत्राला अधिकार देण्यापूर्वीं त्याच्या अधिकाराची सीमा आंखावी, हा नियम माणसांच्या कारभारांतहि उपयोगी पडावा.

येथपर्यंत सर्व सुरळीत चाललें. आतां गृहकलहाची हकीकत. मी व मुलगी ह्यांचा बेत असा कीं, पहाटे पांच वाजतां यंत्रानें आपणच माती पाहावी आणि आपणच पाणी सोडावें. आईनें सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “मग मी काय करूं?” मुलगी म्हणाली, “आजी, तूं आराम कर.” आई म्हणाली, “आराम पुष्कळ आहे गं मला. दुपारभर तोच करतें.” दोन दिवस घरांत बोलणें थोडें झालें. तिसऱ्या दिवशीं आईनेंच तोड सुचविली. “बादली तुमच्या यंत्रानें उचलावी,” ती म्हणाली, “पाणी मी घालीन.”

त्याप्रमाणें मागील दाराच्या चौकटीवर एक मोठें बटण आणि एक लहान दिवा बसविला. सकाळीं यंत्र हिशेब करून पाणी हवें असेल तर दिवा लावतें. आई काठी टेंकीत बागेंत फेरी मारते, पानें उलटून पाहते, कोठें मावा पडला आहे, कोठें कळी आली आहे तें बघते, आणि परत येतांना, तिला पटलें तर, बटण दाबते. नऊ वाजेपर्यंत बटण दाबलें गेलें नाहीं तर मला निरोप येतो. संध्याकाळपर्यंतहि नाहीं दाबलें, तर यंत्र अर्धें पाणी आपण होऊन देतें. जाईच्या वेलाकडे मात्र नळी जाऊं द्यावयाची नाहीं, असें आईनें निक्षून सांगितलें. त्याला ती स्वतः तांब्यानें पाणी घालते. त्याचें कारण आम्हीं विचारलें नाहीं.

नऊ वाजतां येणारा हा निरोप २०२४ सालच्या हिवाळ्यांत एकदां निराळ्याच कामीं आला. मी सोलापुरास होतों, पत्नी रात्रपाळीहून परतली नव्हती, मुलगी शाळेंत. बटण दाबलें नाहीं असें कळतांच मीं घरीं फोन केला, तो आईनें उचलला नाहीं. शेजारच्या काकूंस विनंती केली. त्या गेल्या तों आई तापानें ग्लानींत पडलेली होती. वेळेवर औषधपाणी झालें व चार दिवसांत ती बरी झाली. यंत्र बागेसाठींच केलें होतें. परंतु जेथें रोज एक माणूस ठराविक वेळीं बटण दाबतें, तेथें तें माणसाचीहि खबर ठेवतें, हें आम्हांस तेव्हां समजलें. आईचा हट्ट मान्य झाला नसता आणि सर्व काम यंत्रानें आपणच केलें असतें, तर त्या सकाळीं फलकावर सर्व कांहीं ठीक दिसलें असतें.

ह्या सर्व मांडणीची खरी कसोटी मात्र त्याआधीं, २०२३-२४ च्या टंचाईंत लागली. २०२३ सालचा ऑगस्ट महिना भारतांत १९०१ सालापासूनचा अधिकांत अधिक कोरडा ऑगस्ट ठरला; देशभर सरासरीहून ३६ टक्के पाऊस कमी पडला. आमच्या पर्जन्यमापकाच्या टिचक्या त्या महिन्यांत बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. मुलीला वाटलें यंत्र बिघडलें. तिनें पुन्हां मोजपात्रानें पाणी ओतून पाहिलें, तों पन्नासच्या पन्नास टिचक्या आल्या. यंत्र ठीक होतें. आभाळच रितें होतें. जानेवारींत विहिरीचा तळ दिसूं लागला आणि एप्रिलांत टँकर आला. टाकीवर बसविलेला संवेदक पाण्याची उंची सांगे. त्यावरून फलकानें हिशेब दिला कीं, घरखर्च जाऊन बागेसाठीं रोज पंचवीस लिटर उरतात. बागेस लागत होते चाळीस. पंधरा लिटरांची तूट होती, आणि ती कोणत्यातरी झाडांवर पडणार होती.

कोणत्या झाडांवर? ह्याचें उत्तर फलकावर नव्हतें आणि असणेंहि शक्य नव्हतें. लिंबोणीला किती लिटर लागतात तें यंत्र सांगूं शकतें. तिच्या लिंबांचें लोणचें दरवर्षीं किती घरीं जातें हें त्याला ठाऊक नाहीं. एके संध्याकाळीं आईनें मुलीजवळून झाडांची यादी मागून घेतली. वाफा यंदां पडीक ठेवावा, असें तिनें ठरविलें. डेलियाचे कंद काढून वाळूंत ठेवविले. चार गुलाबांपैकीं दोन आमच्या शेजाऱ्यांकडे, जेथें पाणी बरें होतें, तेथें पोंचते झाले. लिंबोणी, कढीलिंब आणि मोगरा राहिले. शेवग्याला तिनें हात जोडून सांगितलें कीं, तुझें तूं बघ. उरलेल्या झाडांच्या आळ्यांत आम्हीं वाळलेल्या पाल्याचा जाड थर पसरला. दुसऱ्याच आठवड्यांत फलकावर मातीची ओल उतरण्याची रेषा स्पष्टपणें मंदावलेली दिसली. पाल्याचें आच्छादन करावें हें आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. परंतु त्याचा गुण आपल्या डोळ्यांनीं रेषेंत पाहिल्यावर मुलीचा त्यावर जो विश्वास बसला तो केवळ सांगून बसला नसता. जूनमध्यें पाऊस आला. राखलेलीं सर्व झाडें जगलीं. शेवगाहि जगला.

हवामानाच्या नोंदींना आपल्या देशांत मोठी परंपरा आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. त्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें. म्हणूनच शिवाजीनगरांतील त्या दगडी इमारतीस आजहि लोक ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. त्याच पुण्याच्या कचेरींत १९४८ सालीं त्रावणकोरकडील अॅना मणी ह्या विदुषी रुजू झाल्या. परदेशांतून आणाव्या लागणाऱ्या हवामानयंत्रांचें काम आपल्या देशांतच व्हावें म्हणून त्यांनीं सुमारें शंभर यंत्रांचे नकाशे प्रमाणबद्ध करविले. चुकीचीं मापें घेण्यापेक्षां मापें न घेतलेलीं बरीं, असा त्यांचा बाणा होता. पन्नास टिचक्या भरेपर्यंत सहा वेळां पाणी ओतणाऱ्या मुलीला मीं त्यांची गोष्ट सांगितली, तेव्हां ती म्हणाली, “म्हणजे मी बरोबरच केलें.”

पालकांना दोन शब्द सांगतों. असल्या उद्योगांत बारा व्होल्टच्या आंतच काम ठेवावें. घरातील विजेच्या मुख्य तारांना हात लावणें हें जाणत्या वायरमनचेंच काम. संगणकांतील नोंदींची एक प्रत दर आठवड्यास निराळ्या ठिकाणीं ठेवावी, कारण घरच्या चुलीची राखण घरच्यांनींच करावयाची असते. आणि मुलांनीं मांडलेला पसारा एकदोन महिने सहन करावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला सुरुवात करावयास संगणक लागतोच असें नाहीं. सरळ बुडाचा व सरळ भिंतींचा एखादा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजा, तारीख घालून वहींत लिहा आणि पाणी ओतून द्या. पाऊस पडला नसेल त्या दिवशीं शून्य लिहा. रकाना रिकामा ठेवूं नका, कारण शून्य हीहि एक नोंद आहे. आपल्या शाळेंत सावेडीचीं, भिंगारचीं, केडगांवचीं आणि गांवांतलीं अशीं चारी दिशांचीं मुलें येतात. चौघांनीं चार डबे मांडले तर एकाच दिवशीं भिंगारांत सरी आणि केडगांवांत ऊन असें कितीदां होतें, हें दिवाळीपर्यंत वहीच सांगेल. माझी मुलगी आपला पर्जन्यमापक दाखविण्यास केव्हांहि तयार आहे. येणाऱ्यांनीं सकाळीं आठच्या सुमारास यावें, म्हणजे आई बागेंत भेटेल आणि मातींत बोट कसें घालावें तेंहि दाखवील.